खड्ड्यांची यादी आणि पाण्याचा रकाना: पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्यातलं रस्तेदेखभालीचं नियोजन

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याचं आहे. गावं, रस्त्यांचे क्रमांक आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कामाचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे या तालुक्यातले ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग मिळून दीडशेच्या आसपास किलोमीटर डांबरी रस्ते होते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी या कामात तांत्रिक मदत करत होतो.

इथली जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. भिजल्यावर तिची भार पेलायची ताकद, म्हणजे सीबीआर, अनेक ठिकाणी 2 ते 3 टक्क्यांवर येते. अशा मातीवर मुरूम-गिट्टीचे थर, वर 20 मिलिमीटर जाडीचं कार्पेट, म्हणजे डांबर-गिट्टीचा पातळ थर, आणि त्यावर पाणी रोखणारा सील कोट असा हा रस्ता. डांबराची रुंदी 3.75 मीटर, म्हणजे समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. कडा तिथूनच तुटायला लागतात.

वाहतूक आकड्यानं कमी, पण वजनानं नाही. दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि ज्या रस्त्यावर गिट्टीची खदान आहे तिथे बारा महिने टिप्पर. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारनं चार टायरच्या एका आसाची भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. रस्त्याचं नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं, हे अमेरिकेतल्या 1958 ते 1960 च्या आशो रोड टेस्टमधून पुढे आलेलं गणित आजही वापरात आहे. त्या हिशेबानं 8.16 टनांच्या प्रमाण आसाच्या तुलनेत 10.2 टनांचा आस सुमारे अडीचपट आणि 11.5 टनांचा जवळपास चौपट झिजवतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

देखभालीचा पैसा मुख्यतः लेखाशीर्ष 3054 मधून, म्हणजे सरकारी अर्थसंकल्पातल्या रस्ते-पुलांच्या शीर्षातून, यायचा. त्या वर्षी तो एकूण लांबीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचं नूतनीकरण होईल इतका होता. कार्पेटचं नूतनीकरण पाच-सहा वर्षांनी व्हावं असं धरलं, तर हा पैसा अगदीच अपुरा नव्हता. पण आधीच्या वर्षांचा अनुशेष डोक्यावर होता.

प्रश्न

आधीची यादी कशी व्हायची, हे सांगायला पाहिजे. शाखा अभियंते आपापल्या भागातले रस्ते सुचवायचे, सरपंचांची पत्रं यायची, लोकप्रतिनिधींची शिफारस लागायची आणि मार्च जवळ आला की जे अंदाजपत्रक तयार असेल ते पुढे सरकायचं. यात कुणी वाईट हेतूनं वागत होतं असं मी म्हणणार नाही. ज्या गावचा रस्ता फुटलाय ते गाव ओरडणारच. पण अशा यादीत जो रस्ता पार फुटलाय तोच नेहमी वर येतो, आणि जो अजून वाचवता येईल तो फुटेपर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही.

नव्या उपअभियंत्यांनी पहिल्याच बैठकीत एक साधा प्रश्न विचारला: "मागच्या दहा वर्षांत कोणत्या किलोमीटरवर किती वेळा डांबर पडलं, हे मला कुणी सांगेल का?" मोजमाप पुस्तिका कपाटात होत्या, पण कामानुसार लावलेल्या, रस्त्यानुसार नाही. आठवणीवरून एवढं कळलं की एका नाल्याजवळच्या काहीशे मीटरच्या तुकड्यावर तीनदा कार्पेट टाकून झालं होतं आणि तिन्ही वेळा ते दुसऱ्या पावसाळ्याच्या पुढे टिकलं नव्हतं.

त्यामुळे काम असं ठरलं: सगळ्या रस्त्यांची स्थिती एकाच मापानं मोजायची, ती नकाशावर आणायची आणि येत्या वर्षाची यादी कारणांसह मांडायची. प्रत्येक रस्त्यापुढे "का" हे लिहिलेलं असलंच पाहिजे, असा उपअभियंत्यांचा आग्रह होता.

समोरचे पर्याय

लेझर आणि कॅमेरे बसवलेली नेटवर्क सर्व्हे व्हेईकल भाड्यानं आणावी, हा पहिला पर्याय. राष्ट्रीय महामार्गांसाठी ती योग्य आहे. पण चार-पाच किलोमीटरचे सुटे सुटे रस्ते, मध्ये रपटे, गावात गल्लीएवढी रुंदी, यासाठी तिचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. दुसरा पर्याय एचडीएम-4 चा. जागतिक बँकेच्या पुढाकारानं तयार झालेलं हे सॉफ्टवेअर रस्त्याची पुढच्या वीस वर्षांतली झीज आणि वाहनधारकांचा खर्च यांचा ताळेबंद मांडतं. मात्र त्याला वाहतुकीची आकडेवारी, थरांची माहिती आणि स्थानिक परिस्थितीनुसार जुळवणी लागते. ती नसताना त्यातून निघालेला आकडा दिसायला नेमका असतो आणि विश्वास ठेवायला कच्चा. तो पर्याय सोडला, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तिसरा पर्याय कागद-पेन्सिलीचा. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी 82 (2015) मध्ये भेगा, गिट्टी उखडणं, खड्डे, पॅच, खचणं आणि चाकोऱ्या यांच्या प्रमाणावरून गुण द्यायची पद्धत आहे. ती चांगली आहे, फक्त चार शाखांतले चार अभियंते एकाच तुकड्याला वेगवेगळे गुण देतात. चौथा पर्याय मोबाईलमधल्या कंपनमापकाचा: गाडीत घट्ट बसवलेला फोन खडबडीतपणा मोजतो आणि जीपीएसनं तो जागेशी जोडतो. पाचवा, डॅशकॅमचे फोटो आणि त्यांतून खड्डे-भेगा ओळखणारं मॉडेल.

शेवटी मोबाईल, फोटो आणि माणसाची नजर या तिन्हींची सांगड घालायचं ठरलं. नोंदी ओडीके या मोफत अॅपच्या फॉर्मवर घ्यायच्या, नकाशा क्यूजीआयएसमध्ये करायचा. दोन्हींना परवाना शुल्क नाही. ओडीके साध्या मोबाईलवर चालतं आणि क्यूजीआयएस उपविभागाच्या जुन्या संगणकावर.

मोबाईलवर विश्वास कितपत ठेवायचा

फोन कंपन मोजतो, रस्ता नाही. कंपनात गाडीचे स्प्रिंग, टायरची हवा आणि वेग हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून आकडा पारखून घ्यायला एक स्वतंत्र माप हवं होतं. ते आम्ही तालुक्याच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलं.

ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट रिसर्च लॅबोरेटरीनं स्वस्तातलं मापनयंत्र म्हणून तयार केलेलं 'मर्लिन' हे ते साधन. पुढे सायकलचं चाक, मागे 1.8 मीटरवर एक पाय, आणि मधोमध रस्त्याला टेकणारी काडी. ती काडी एका आडव्या दांड्याला जोडलेली असते आणि दांड्याच्या टोकाला काटा. जमिनीवरचा 1 मिलिमीटर कागदावर 10 मिलिमीटर होऊन दिसतो. चाकाचा एक फेरा झाला की थांबायचं, काटा जिथे असेल तिथे कागदावर फुली मारायची, पुन्हा एक फेरा. अशा 200 फुल्या झाल्या की दोन्ही टोकांच्या दहा-दहा फुल्या सोडायच्या आणि उरलेल्या पसाऱ्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. तिला 0.0471 नं गुणून 0.593 मिळवले की आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक, म्हणजे आयआरआय, निघतो. रुंदी 120 भरली तर आयआरआय सुमारे 6.2 मीटर प्रति किलोमीटर. आपल्याकडे खडबडीतपणा मोजायला वापरतात त्या बंप इंटिग्रेटर यंत्राच्या भाषेत तो जवळपास 4,900 मिलिमीटर प्रति किलोमीटर होतो.

चांगल्या, मध्यम आणि वाईट अशा काही तुकड्यांवर मर्लिन चालवलं आणि त्याच तुकड्यांवरून उपविभागाची बोलेरो ठरलेल्या वेगानं नेली. चांगल्या आणि मध्यम तुकड्यांवर दोन्ही आकडे बऱ्यापैकी जुळले. वाईटावर फोन रस्त्याला जरा बरा दाखवत होता. तेवढी दुरुस्ती हिशेबात घेतली. गाडी तीच, चालक तोच, टायरची हवा रोज सकाळी तपासायची आणि फोन काचेला घट्ट, हे नियम घालून घेतले.

सर्वेक्षण ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू केलं. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यांवर सोयाबीनचे ढीग वाळत असतात. गाडी सतत एका बाजूनं काढावी लागते, आणि शेतकऱ्याला त्याचा माल उचलायला सांगणं योग्यही नाही.

पहिला निर्णय: कोऱ्या जागांचं काय करायचं

पहिली यादी निघाली तेव्हा तालुक्यात सगळ्यांत वाईट म्हणून ओळखला जाणारा रस्ता यादीच्या मध्यावर होता. शाखा अभियंता हे मान्यच करेना, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. कंपन मोजणारं अॅप ताशी 20 किलोमीटरच्या खालच्या वेगाची मोजणी वगळत होतं, कारण तेवढ्या कमी वेगात कंपनावरून खडबडीतपणा काढता येत नाही. त्या रस्त्यावर बोलेरो बैलबंडीच्या चालीनं चालली होती. त्यामुळे जिथे खड्डे सर्वांत मोठे तिथे नोंदच नाही, आणि सरासरी फक्त उरलेल्या बऱ्या तुकड्यांची.

दोन मार्ग होते. कोऱ्या तुकड्यांना सर्वांत वाईट गुण देऊन मोकळं व्हायचं, किंवा वेगालाच माप मानायचं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याला 1 ते 5 असे गुण देताना आरामात किती वेगानं जाता येतं हे पाहतात: 40 च्या वर असेल तर 5, आणि 10 च्या खाली असेल तर 1. जीपीएसच्या नोंदीत वेग होताच, म्हणून दुसरा मार्ग निवडला. अट एकच घातली: गुरं आडवी आली, शाळा सुटली किंवा बंडी पुढे होती म्हणून गाडी हळू झाली, तर बाजूला बसलेल्यानं फॉर्मवर तशी खूण करायची. या खुणा नसत्या तर प्रत्येक गावाच्या वेशीवरचा रस्ता वाईट ठरला असता.

याच वेळी गुणांच्या मापाचाही निर्णय झाला. सॉफ्टवेअर 0 ते 100 च्या मापात गुण देत होतं. ती पद्धत मूळ अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांची. कार्यालयाच्या जुन्या नोंदवहीत मात्र 1 ते 5 होते. दोन्ही एका तक्त्यात आले की "3" चा अर्थ कुणी काय घेईल याचा भरवसा नव्हता. कार्यालयात 1 ते 5 च ठेवले.

दुसरा निर्णय: फोटोवरून ओळखणारं मॉडेल

मॉडेल आरडीडी 2022 या खुल्या फोटोसंग्रहावर शिकवलेलं होतं. त्या संग्रहात भारतासह सहा देशांतले 47 हजारांवर फोटो आहेत, आणि त्यातले मुख्य प्रकार उभ्या भेगा, आडव्या भेगा, जाळीसारख्या भेगा आणि खड्डे हे आहेत. आमच्या रस्त्यांची मुख्य दुखणी होती तुटलेल्या कडा आणि कार्पेटमधून सुटून आलेली बारीक गिट्टी. ही दोन्ही त्या चार प्रकारांत नाहीत. शिवाय कडुनिंबाची सावली भेग म्हणून यायची, आणि शेणाचा पो किंवा ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेलं ओलं ढेकूळ खड्डा म्हणून.

मॉडेलला स्थानिक फोटोंवर पुन्हा शिकवावं असा विद्यार्थ्यांचा उत्साह होता. मी त्याला विरोध केला, कारण यादी जानेवारीपर्यंत हवी होती आणि त्या कामाला आणखी एक हंगाम गेला असता. मॉडेलकडून फक्त खड्ड्यांच्या संभाव्य जागा घ्यायच्या, प्रत्येक जागा माणसानं बघायची आणि कडा पूर्णपणे हातानंच नोंदवायच्या, असं ठरलं. विद्यार्थ्यांनी संध्याकाळी बसून फोटो तपासले. कंटाळवाणं काम होतं. पण त्यातूनच पुढचा धागा सापडला, कारण तुटलेल्या कडांच्या फोटोंत बाजूची नाली कुठे दिसतच नव्हती.

तिसरा निर्णय: पाण्याचा रकाना

तीनदा फुटलेल्या त्या नाल्याजवळच्या तुकड्यावर उपअभियंता, शाखा अभियंता आणि मी पायी गेलो. मैल कामगार म्हणून आयुष्यभर रस्त्यावर काम करून निवृत्त झालेले एक काका जवळच्याच वावरात होते. ते स्वतःहून आले.

शाखा अभियंत्यानं विचारलं, "काका, इथं डांबर टिकत का नाही?"

"डांबराचं काही नाही साहेब. सडकीले पाणी लागलं हाये," ते म्हणाले. "धुऱ्यावाल्यायनं बंडी उतरवाले नाली बुजवली. तुमी दरसाली साइडले मुरूम टाकता, तो वर आला. आता पाणी कुठून जाईन? सडकीवरच बसते."

लेव्हल लावून पाहिलं. साइडपट्टी डांबराच्या कडेपेक्षा वितभर उंच झाली होती. कार्पेटला मध्यापासून कडेकडे साधारण 3 टक्के उतार हवा, तो जवळजवळ संपला होता. दोन्ही बाजूंनी उंच काठ आणि मध्ये डांबर, म्हणजे पाऊस पडला की रस्ताच नाली. पाणी डांबर आणि गिट्टीची पकड सोडवतं, आणि खालच्या काळ्या मातीत मुरून तिला लोण्यासारखी मऊ करतं. वर कितीही वेळा कार्पेट टाकलं तरी ते या मऊ मातीवरच उभं.

मोबाईल, मर्लिन आणि मॉडेल या तिघांनीही इथे "रस्ता वाईट" एवढंच सांगितलं होतं. का वाईट, हे सांगायची सोय त्यांच्यात नव्हती. अवकाशयानातून केलेल्या उंचीमापनातून, म्हणजे मोफत मिळणाऱ्या एसआरटीएमच्या 30 मीटरच्या चौकटींतून, रस्त्याकडेची नाली कळेल का हेही पाहिलं. रस्ता कोणत्या सखल भागातून जातो हे त्यातून कळतं, पण वितभर उंच साइडपट्टी त्यात दिसणं शक्य नाही.

तेव्हा फॉर्ममध्ये दर 100 मीटरला हो-नाहीचे चार प्रश्न वाढवले: साइडपट्टी डांबरापेक्षा उंच आहे का, नाली उघडी आहे का, वावरात उतरायच्या जागी पाईप आहे का, मोरीचं तोंड मोकळं आहे का. त्यासाठी सगळे रस्ते पुन्हा मोटारसायकलवरून फिरावे लागले. वेळ गेला आणि कुरबुरही झाली. पण हा थर खडबडीतपणाच्या नकाशावर ठेवला, आणि लाल तुकडे बहुतेक तिथेच दिसले जिथे नाली बंद होती. त्याहून उपयोगाचं म्हणजे अजून हिरवे, म्हणजे चांगले असलेले, पण नाली बंद झालेले तुकडे पहिल्यांदाच नजरेत आले. पुढच्या दोन-तीन वर्षांत फुटणार होते ते हे.

चौथा निर्णय: यादीचा क्रम

आधी ज्या रस्त्यांवर कंत्राटदाराची पाच वर्षांची देखभालीची जबाबदारी चालू होती ते बाजूला काढले. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची ही माहिती ई-मार्ग प्रणालीत असते. त्यांच्यावर 3054 चा पैसा न घालता संबंधित कंत्राटदाराला छायाचित्रांसह पत्रं गेली.

उरलेल्यांचे तीन गट झाले. स्थिती चांगली पण पाणी अडलेलं: तिथे फक्त साइडपट्टी छाटून नाली उघडायची आणि गरज असेल तिथे सील कोट. मध्यम: नालीसह कार्पेटचं नूतनीकरण. अगदी वाईट: संपूर्ण रस्ता नाही, तर ज्या तुकड्यांवरून शाळेच्या मुलींची मानव विकासची बस आणि रुग्णवाहिका जाते तेवढेच थरांसकट नव्यानं. उपअभियंत्यांनी एक नियम ठामपणे घातला: "नाली नाही, तर डांबर नाही."

तालुक्याच्या बैठकीत यावरून वाद झाला. एका सरपंचताई उभ्या राहिल्या. "आमची सडक फुटून तीन वर्षं झाली. गरोदर बाई नेताना जीव मुठीत धरावा लागतो. अन् तुमी चांगल्या सडकीवर जेसीबी लावता?" त्यांचा रस्ता तिसऱ्या गटात होता आणि त्याचा एकच तुकडा मंजूर झाला होता.

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे, पण माझ्या मते ते अर्धंच आहे. चांगला रस्ता राखायला लागणारा खर्च फुटलेल्याच्या नव्यानं उभारणीपेक्षा कितीतरी कमी असतो. तो आता केला नाही तर पुढे फुटलेले रस्तेच वाढतात. पण हे गणित त्या बाईंच्या गावातल्या आजच्या त्रासाचं उत्तर होत नाही. बैठकीत उपअभियंत्यांनी नकाशा भिंतीवर लावला, पैसा किती आणि कुठे हे रुपयांत सांगितलं, आणि त्या रस्त्यावर बस चालू राहील एवढी गिट्टी-मुरुमाची भर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात मध्ये एकदा घालायचं मान्य केलं. सरपंचताईंचं समाधान झालं नाही. पण हरकत लेखी घेऊन यादी मंजूर झाली.

अंमलबजावणी

साइडपट्टी छाटायला जेसीबी आली आणि पहिल्याच दिवशी काम थांबलं. शेतकरी उभे राहिले: नाली उघडली तर वावरात बंडी, ट्रॅक्टर उतरवायचा कसा? पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येतं. तो मार्ग चर्चेत आला. मात्र त्याला वेळ लागतो आणि ज्या गावासोबत पुढे वर्षानुवर्षं काम करायचं त्याच्याशी वैर होतं. त्याऐवजी उतरायच्या प्रत्येक जागी सिमेंटचा ह्यूम पाईप टाकून वर मुरूम दाबून द्यायचं ठरलं. काही ठिकाणी पाईपचा खर्च ग्रामपंचायतीनं उचलला. काम हळू झालं, पण पाईप टाकलेली नाली शेतकरी पुन्हा बुजवत नाही, कारण आता ती त्याच्या आड येत नाही.

परिणाम

पुढचा पावसाळा जोराचा होता. ज्या चांगल्या रस्त्यांच्या नाल्या उघडल्या होत्या त्यांच्यावर नवे खड्डे तुरळक पडले. नोव्हेंबरच्या फेरमोजणीत त्यांचा खडबडीतपणा फारसा बदललेला नव्हता. तीनदा फुटलेला नाल्याजवळचा तुकडाही या वेळी टिकला. फक्त मोरीलगतची कड खचली, कारण जुनी पाईप मोरी लहान पडत होती आणि तिचं काम त्या वर्षीच्या पैशात बसलं नव्हतं.

सरपंचताईंच्या रस्त्यावरची पहिली भर जुलैतच वाहून गेली. ठरल्याप्रमाणे दुसरी घातली. बस मध्ये काही दिवस बंद राहिली.

सर्वांत वाईट निकाल खदानीच्या रस्त्याचा. तो मध्यम गटात होता, नाली उघडली होती, कार्पेट व्यवस्थित पडलं होतं. तरीही हिवाळा संपायच्या आत दोन्ही चाकांच्या रेषेत खोल चाकोऱ्या पडल्या. पाणी हे तिथलं कारण नव्हतं. टिप्परांचं वजन होतं, आणि वाहतुकीचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. त्या रस्त्याला 20 मिलिमीटरच्या कार्पेटनं काही होणार नव्हतं. जाड थर लागणार होता, किंवा निदान खालच्या थरांची ताकद बेंकलमन बीमनं, म्हणजे भाराखाली रस्ता किती दबतो हे दाखवणाऱ्या साधनानं, मोजून मग ठरवायला हवं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

वाहतूक मोजणी आधी. कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या आयआरसी एसपी 72 मध्ये तीन दिवस, चोवीस तास मोजणी सांगितली आहे, आणि हंगामातली वेगळी, बिगरहंगामातली वेगळी. सगळे रस्ते नाही, तरी खदान, जिनिंग आणि वाळूघाटाकडे जाणारे चार-पाच रस्ते विद्यार्थ्यांकडून सहज मोजून झाले असते. दुसऱ्या वर्षी ते केलं.

दुसरं, एक फेरी मे महिन्यात. काळी माती आकसून कडेला लांबच लांब भेगा पडतात, आणि मृगाचं पहिलं पाणी त्यांतूनच आत शिरतं. नोव्हेंबरपर्यंत माती फुगून त्या मिटलेल्या असतात. आता मेमध्ये फक्त काळ्या मातीच्या पट्ट्यातले रस्ते पाहतात, मोबाईलशिवाय, मोटारसायकलवरून. जूनच्या आत त्या भेगा डांबरानं भरून घेतात.

तिसरं, पाण्याचे प्रश्न पहिल्याच फेरीत विचारायला हवे होते. ते विचारायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. मोजण्यासारखं जे होतं त्यापासून सुरुवात झाली, आणि मोजायला अवघड ते मागे पडलं. मैल कामगारांची पदं अनेक ठिकाणी भरलीच जात नाहीत. म्हणून ज्यांना हा रस्ता हंगामागून हंगाम माहीत आहे अशा निवृत्त माणसांना सर्वेक्षणाच्या आधी एक दिवस सोबत घेऊन फिरणं, हे मी आता प्रत्येक तालुक्याला सुचवतो.

चौथं, माहिती कुणाची. ज्या कनिष्ठ अभियंत्याच्या फोनवर सर्व नोंदी होत्या त्याची उन्हाळ्यात बदली झाली, आणि मूळ फाइली त्याच्या खासगी खात्यात राहिल्या. त्यानं त्या विनातक्रार पाठवल्या, पण त्यासाठी त्याच्या सौजन्यावर अवलंबून राहावं लागलं. आता उपविभागाचं स्वतंत्र खातं आहे, आणि प्रत्येक रस्त्याचं एक छापील पान मोजमाप पुस्तिकांच्या कपाटात लावलेलं असतं: डांबर कधी पडलं, नाली कधी उघडली, मोरी कधी साफ झाली. मोरीचं तोंड मोठं करायचं जे काम राहिलं होतं, ते त्या रस्त्याच्या पानावर पहिल्या ओळीत आहे आणि त्याचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसाठी गेलं आहे.